डाव्या पिळाचं गवत

अंबावाशाच्या पंचक्रोशीची एक गवतवही आहे. ती मिकाएलच्या चर्चचा लेखनिक बकरीच्या कातड्यात गुंडाळून ठेवतो आणि विचारल्याशिवाय दाखवत नाही. तिच्यातली एक नोंद अशी:

नाव: शिबेशी वोल्देसेमायत. हुद्दा: डोंगरावरच्या ग्वासा गवताचा राखणदार, सर्वांच्या संमतीने निवडलेला, वर्ष अकरावे. वय: इटालियन आले तेव्हा मिसरूड फुटलेले होते, त्यावरून काढावे. बायको: एक. जमीन: पुरेशी. खुणा: डावखुरा, उजव्या भुवईवर वानराने ओरखडल्याचा व्रण. वर्तन: निःपक्षपाती. हयगय: नाही. चूक: नाही.

शेवटचा रकाना छापील नमुन्यात नव्हता. लेखनिकाने तो स्वतःच्या हाताने आखला होता, आणि शिबेशी ही गोष्ट कुणाला सांगत नसे, फक्त कुणी विषय काढला तर नाकारत नसे.

ग्वासा म्हणजे त्या थंड पठारावरचं उंच, चिवट गवत. त्याचं छप्पर होतं, दोर होतो, चटई होते, केरसुणी होते, पावसात अंगावर घ्यायचं इरलं होतं. माणूस मेला की तिरडीखाली अंथरायलाही तेच. म्हणून डोंगर कुणाचा नाही आणि सगळ्यांचा आहे. तीन, चार, कधी पाच वर्षं तो बंद असतो. त्या काळात एक काडी कापायची नाही, एक मेंढी चारायची नाही. प्रत्येक घरातला एक माणूस पाळीपाळीने पहाऱ्याला जातो. गवत पिकलं असं राखणदार म्हणाला की शिंग वाजतं, आणि ठरल्या दिवशी ठरल्या घरांनी ठरला वाटा कापायचा. बंदीच्या वर्षात कुणाच्या छपरावर नवं गवत दिसलं, तर लांब आकड्यांनी ते छप्पर ओढून काढायचं आणि गवत चर्चला द्यायचं. वानरं मात्र कळपाने येऊन बंदीतही गवत उपटून खातात. त्यांना सभेचा निरोप पोचवायची सोय नसल्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याचा प्रघात आहे.

शिबेशीची ख्याती होती ती डोळ्यांची. गवत कोणत्या वर्षाचं, हे तो छपराकडे वाटेवरूनच बघून सांगे. त्याचं शास्त्र सरळ होतं. उरलेलं गवत लोक चुलीवरच्या माळ्यावर टाकतात. धुराने ते एका हिवाळ्यात तांबडं होतं, दुसऱ्यात काळं. म्हणून बंदीच्या चौथ्या वर्षी हिरवट गवत दिसलं तर ते डोंगरावरून चोरलेलंच. हा नियम अकरा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. म्हणजे, एकदाही कुणी तपासून पाहिला नव्हता.

त्याच्या स्वतःच्या घरात गवत हा विषयच वर्ज्य होता. चार वर्षांपूर्वी शिंग वाजलं तेव्हा त्यानेही आपला वाटा आणला, छपराची डागडुजी केली, आणि उरलेल्या पेंढ्या बायकोच्या पुढ्यात टाकून म्हणाला की ह्या कुठेतरी ठेव, पण मला परत दिसता कामा नयेत. राखणदाराच्या दारात गवत पडलेलं बरं दिसत नाही. तिने, एतागेन्येने, त्या पेंढ्या खालच्या अंधाऱ्या खोलीत, जवाच्या मोठ्या मातीच्या कणग्यांमागे ठेवल्या. तिथे ऊन पोचत नव्हतं आणि धूरही. शिबेशी त्या विसरला. तो विसरणारा माणूस नव्हता, पण ही आज्ञा त्याने स्वतःच दिली होती, आणि स्वतःच्या आज्ञा तो पाळत असे.

त्या वर्षी पावसाळा तोंडावर आला तेव्हा झर्फेशेवाच्या छपरातून आकाश दिसत होतं. ती विधवा, लोकर कातून पोट भरणारी, एतागेन्येबरोबर झऱ्यावर पाण्याला जाणारी. एके दिवशी एतागेन्येने कणग्यांमागच्या बारा पेंढ्या तिला दिल्या. जुनं गवत कुणी कुणाला द्यावं, त्याला काही बंदी नव्हती. पण राखणदाराच्या घरातून, बंदीच्या वर्षात, एकाच घराला गवत गेलं म्हटलं की चार तोंडं हलणार, आणि त्याआधी घरात शिबेशीचं व्याख्यान होणार. म्हणून तिने झर्फेशेवाला मिकाएलची शपथ घातली, कुठून आणलं हे सांगायचं नाही. झर्फेशेवाने घेतली. तिच्या दिराने दोन दिवसांत छप्पर शाकारलं.

तिसऱ्या दिवशी शिबेशी त्या वाटेने गेला.

सभा भरते ती दर महिन्याच्या बाराव्या तिथीला, मिकाएलच्या दिवशी, चर्चच्या आवारातल्या जुन्या सुरूच्या झाडांखाली. पुरुष आत बसतात, बायका दगडी कुंपणापलीकडून ऐकतात आणि पुरुषांपेक्षा जास्त ऐकतात. गावप्रमुख हब्तेयेसने झर्फेशेवाला विचारलं, गवत डोंगरावरचं का? ती म्हणाली, नाही. मग कुठलं? ती म्हणाली, दिलं एकाने. कुणी? ती म्हणाली की शपथ आहे. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. शपथ घालून गवत देणारा यार असला तर त्याला सभेपुढे आणा, असंही एक जण म्हणाला.

मग शिबेशी उठला. त्याने छपरातून उपसून आणलेली मूठभर काडी हातात घेतली, नाकाशी धरली, एक काडी दातांत चावून मोडली आणि सगळ्यांना मोड दाखवला. हे सगळं तो सावकाश करत असे. "हे यंदाचं आहे," तो म्हणाला. "चार वर्षांचं गवत या पंचक्रोशीत हिरवं राहिलेलं मी पाहिलेलं नाही, आणि गवत मी पाहिलेलं आहे."

कुंपणापलीकडे एतागेन्ये उभी होती. झर्फेशेवा तिकडे बघत होती. शिबेशीला ते दिसलं, आणि त्याला वाटलं की बाई लाजून तोंड फिरवतेय.

छप्पर त्याच दुपारी ओढलं. ढग भरून आले होते, म्हणून लोकांनी घाई केली, आणि घाईघाईतही कुणी एक पेंढी चिखलात पडू दिली नाही, कारण गवत आता चर्चचं होतं. पेंढ्या मोजून द्यायचं काम राखणदाराचं. शिबेशी ढिगाशी वाकला. दिराने वळचणीच्या काही पेंढ्या बंद न सोडता तशाच बसवल्या होत्या. एका बंदावर शिबेशीचा हात पडला आणि तिथेच राहिला.

गवताची काडी पिळून पेंढी बांधतात. सगळं गाव उजवीकडे पिळतं. हा पीळ डावीकडे होता.

त्याने दुसरी पेंढी पाहिली, मग तिसरी. सहा बंद होते, सहाही डावे. पंचक्रोशीत डावखुरे तिघे होते. एक पाद्रीबाबा, जे गवत बांधत नसत. एक सात वर्षांची मुलगी. आणि एक तो. लहानपणी डाव्या हाताने जेवतो म्हणून आईने त्याच्या बोटांवर पळी मारली होती. जेवण उजवीकडे आलं, पीळ तेवढा डावा राहिला.

आता एक माणूस अशा वेळी काय करतो? ताठ उभा राहून लोकांना थांबवतो, असं शिबेशीने आयुष्यभर मानलं होतं, निदान स्वतःबद्दल. त्याने प्रत्यक्षात केलं ते असं: एकेक बंद सोडवला, घोंगडीच्या आत कोंबला, आणि "चोपन्न मुठी" असं लेखनिकाला मोठ्याने सांगितलं. आकडा बरोबर होता.

घरी येऊन त्याने बंद चुलीत टाकले. कोरडं गवत भुर्रकन पेटतं, लपवायला फार वेळ लागत नाही. एतागेन्ये पाट्यावरचं पीठ पुसता पुसता बघत होती.

"ते आपलं होतं," ती म्हणाली.

"कळलं मला."

"कधी?"

"ओढलं तेव्हा."

तिने पीठ पुसायचं थांबवलं. मग म्हणाली, "मला वाटलं ती सांगेल. आणि ती सांगायला लागली की मग मी सांगेन. ती माझ्याकडे बघत होती हो, मी तोंड उघडेन म्हणून."

"मग उघडलं का नाहीस?"

"तुम्ही दातांत काडी धरून उभे होता," एतागेन्ये म्हणाली. "सगळं गाव तुमच्या तोंडाकडे बघत होतं. तिथे मी काय म्हणायचं होतं? की याला स्वतःचं गवत ओळखता येत नाही?"

शिबेशी म्हणाला की गवत कणग्यांमागे ठेवायला तुला कुणी सांगितलं होतं. ती म्हणाली, तुम्हीच. त्या रात्री दोघांनी जवाची इंजेरा, म्हणजे आंबवलेली भाकरी, एकाच ताटातून खाल्ली, आणि कुणीही दुसऱ्याला रिवाजाचा घास भरवला नाही.

पाऊस लागला. झर्फेशेवा दिराच्या खालच्या खोलीत मेंढ्यांबरोबर राहायला गेली. तिचं घर उघडं पडलं, आणि मातीत बांधलेल्या दगडी भिंतींना वरून पाणी लागलं की काय होतं हे सांगायला राखणदार लागत नाही. शिबेशी वाटा बदलून जाऊ लागला. झऱ्याची वाट सोडली, मग गिरणीची, मग चर्चची मागची. पण पंचक्रोशी लहान आणि झर्फेशेवा कामाची बाई, ती भेटायचीच. भेटली की पहिल्यासारखीच थोडी वाकून विचारायची, "गाशे, बरे आहात ना? घरचे बरे आहेत? गुरं बरी आहेत?" वडीलधाऱ्या माणसाला 'गाशे' म्हणून विचारायचे ते सगळे प्रश्न, एकही न गाळता. त्यालाही उलट सगळे विचारावे लागायचे. घरचे बरे आहेत का, इथपर्यंत आला की तो जमिनीकडे बघायचा. घर, या शब्दालाच.

तिला माहीत होतं ते कुणाचं गवत. त्याला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं. तिच्या लेखी तो एक प्रामाणिक माणूस होता, ज्याची चूक झाली. हेच सहन होत नव्हतं.

महिन्याने तो हब्तेयेसकडे गेला. गावप्रमुख ओसरीवर घोड्याचं खोगीर शिवत होता. शिबेशीने सगळं सांगितलं. बंद जाळले ते सोडून सगळं. हब्तेयेसने सुई थांबवली नाही.

"किती जणांना माहीत आहे?" त्याने विचारलं.

"आम्ही तिघं. आता तुम्ही."

"मग पुरे." त्याने दोरा दातांनी तोडला. "हे बघ, शिबेशी. बारा कोसांत बाकीचे डोंगर जाऊन पाहा. बोडके झालेत. आपला हिरवा का? तू कडक आहेस म्हणून नाही. तुझा शब्द शेवटचा आहे म्हणून. आज तो एकदा चुकला असं म्हणालास की उद्या प्रत्येक चोराचं गवत कणगीमागचं निघणार. तुझं मन हलकं व्हावं म्हणून डोंगर बोडका करायचा का?"

शिबेशी म्हणाला, बाईचं काय? हब्तेयेस म्हणाला, शिंग वाजेल तेव्हा तिला दुप्पट वाटा देऊ, कुणाला न कळता. शिंग वाजायला अजून निदान सहा महिने होते. पण शिबेशीने मान हलवली. बोलणं शहाणपणाचं होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

उतारावरून परत येताना त्याच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतो आहोत. तो थांबला. आजूबाजूला कोणी ऐकलं नाही ना, हे पाहिलं. एका वानराने ऐकलं होतं. ते गवत चावत त्याच्याकडे बघत बसलं होतं. गेल्या महिन्याभरात केलेल्या सगळ्या गोष्टींत त्याला सगळ्यात जास्त लाज त्या शिळेची वाटली, आणि आपण बाकीच्यांपेक्षा तिची जास्त लाज बाळगतोय, याचीही.

एक गोष्ट शिबेशी आणि हब्तेयेस दोघेही विसरले होते, किंवा दोघांनीही ती बोलायची टाळली होती. ज्याचं छप्पर ओढलं, त्याचं नाव वाट्याच्या यादीतून जातं. ते परत यायचं तर दोन मिकाएल उलटल्यावर त्याने मानेवर दगड घेऊन सभेपुढे यायचं, राखणदारापुढे वाकायचं आणि क्षमा मागायची. राखणदाराने "खाली ठेव" म्हटलं की दगड खाली, आणि नाव यादीत. दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालत नाही. दगड आपला आपण निवडायचा. काही जण मुठीएवढा आणतात. त्यावर गाव वर्षभर हसतं.

झर्फेशेवाने मोठा आणला. तिच्या उत्तरेच्या भिंतीतला होता. भिंत आठवड्यापूर्वी बसली होती, दगडावर सारवणाची माती अजून चिकटलेली होती. पाऊस थोडा उघडला होता. सुरूखाली लोक इरली पांघरून बसले होते. ती आली, शिबेशीपुढे वाकली, आणि पाठ झालेली वाक्यं म्हणाली: डोंगर सगळ्यांचा, माझ्या हाताने सगळ्यांचं गेलं, क्षमा असावी.

शिबेशीने "खाली ठेव" म्हटलं नाही.

लोकांना वाटलं, कडक माणूस आहे, थोडं ताणतोय. हब्तेयेस खाकरला. पाद्रीबाबांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. एक म्हातारा म्हणाला, सोडा आता गाशे, बाईमाणूस आहे. झर्फेशेवाने दगड मानेवर थोडा सरकवला.

"ते गवत माझं होतं," शिबेशी म्हणाला.

मागच्यांना ऐकू गेलं नाही. तो पुन्हा म्हणाला. आता सगळ्यांना गेलं.

"गाशे," झर्फेशेवा खालून म्हणाली, "ते मागाहून सांगा. आधी 'खाली ठेव' म्हणा. मान गेली माझी."

"मी कोण तुला म्हणणार? तुझा अपराधच नाही."

"अपराधाचं नंतर बघू हो. दगड आत्ता आहे."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. शिबेशीने तोंड उघडलं. "खाली ठेव," तो म्हणाला. अशा रीतीने, न केलेल्या चोरीबद्दल, ज्याची चोरी झालीच नव्हती त्या गवताच्या राखणदाराने झर्फेशेवाला रीतसर क्षमा केली, आणि तिचं नाव यादीत परत आलं. तिने दगड ठेवला, मान दोन्हीकडे वळवून पाहिली, आणि तिथेच त्या दगडावर बसली.

मग हब्तेयेसने पुरावा विचारला. त्याला अजून आशा होती. शिबेशी म्हणाला, पेंढ्यांना बंद होते, डाव्या पिळाचे. कुठे आहेत? जाळले. कुणी? मी. कधी? त्याच दिवशी. हे शेवटचे चार शब्द म्हणताना त्याने कुणाकडेही पाहिलं नाही, आणि कुणीही त्याच्याकडे पाहिलं नाही. अकरा वर्षं त्याच्या तोंडाकडे बघणारे लोक आता आपापल्या पायांकडे बघत होते. चूक गावाने एक वेळ गिळली असती. चुलीचं काय करायचं हे कुणाला सुचत नव्हतं.

कुंपणापलीकडून एतागेन्ये म्हणाली, "बारा पेंढ्या. मी दिल्या. शपथ मी घातली होती."

"त्या दिवशी मी तुझ्याकडेच बघत होते, एत्ये," झर्फेशेवा दगडावरून म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मला दिसत होतं," एतागेन्ये म्हणाली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून मेकुरिया नावाचा गृहस्थ उठला आणि म्हणाला की मग तीन वर्षांपूर्वी आपल्या छपरावरून ओढलेलं गवतही जुनंच होतं, कणगीमागचं. त्याला कणगी नव्हती. त्याने ते गवत कसं कापलं हे तो स्वतःच मद्याच्या प्रत्येक बैठकीत सांगत असे. लोक मनापासून हसले. हसायला काहीतरी हवंच होतं. हब्तेयेस हसला नाही. त्याने शिबेशीकडे एकदा पाहिलं, आणि शिबेशीने मान खाली घातली, कारण त्या बाबतीतही हब्तेयेसचंच बरोबर निघालं होतं.

म्हाताऱ्यांनी सुरूच्या मागे जाऊन विचार केला. झर्फेशेवाचं गवत तिला परत द्यावं, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. पण ते एव्हाना पाद्रीबाबांच्या स्वयंपाकघरावर चढलं होतं, आणि तिथे प्रसादाची भाकरी भाजली जात असल्यामुळे त्याला हात लावता येत नव्हता. म्हणून ठरलं की राखणदाराच्या छपरावरून तेवढं गवत काढून तिच्या घरावर घालायचं. खोटा आरोप करणाऱ्याला तीच शिक्षा, हेही त्यात आपोआप साधलं. भिंत दिराने उभी केली. छप्पर शिबेशीने स्वतः शाकारलं, चार दिवस, एकट्याने. झर्फेशेवा खालून काड्या वर देत होती आणि तो कुठे पातळ घालतोय ते सांगत होती. त्याने एकदा सुरुवात केली, "झर्फे, मी त्या दिवशी..." तर ती म्हणाली, "डावीकडे अजून एक मूठ."

त्या महिन्याच्या शेवटी लेखनिकाने वही उघडली, जुन्या नोंदीखाली रेघ मारली आणि लिहिलं: राखणदार वयोमानामुळे पदावरून मुक्त. संबंधित बाईस गवताची संपूर्ण भरपाई करण्यात आली. प्रकरण मिटले.

अकरा वर्षं धूर खाल्लेलं गवत ओढून काढताना तुटतं. पाऊस आणखी पाच आठवडे चालला, आणि झर्फेशेवाचं छप्पर तीन ठिकाणी गळत होतं.